राहिलेले तीन तास

ओकी लेस्टरची डावी टाच एका तळहातावर आणि गुडघा दुसऱ्या तळहातावर तोलून रॉइस स्टॅलार्ड त्याचा पाय हळूहळू वर नेत होता, तेवढ्यात ऑफिसच्या दारातून कोरिनने हाक मारली.

"रॉइस, जरा येता?"

"सात वेळा झालंय. दहा होऊ देत."

"नाही. आत्ता या."

कोरिन हद्दाद असं कधी बोलत नसे. स्लेट फोर्कच्या मुख्य रस्त्यावर, जिथे पूर्वी बुटांचं दुकान होतं, तिथे तिचं फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं. पेशंटला तपासायचं, कुणाला कोणता व्यायाम द्यायचा ते ठरवायचं, हे तिचं काम. आणि ते व्यायाम प्रत्यक्ष करून घ्यायचे, पेशंटला उठवायचं, बसवायचं, चालवायचं, हे रॉइसचं. तो तिचा सहाय्यक. वयाने तिच्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठा, म्हणून ती त्याला कधी अरे-तुरे करत नसे आणि तोही तिला कधी 'बाईसाहेब' म्हणायला विसरत नसे. सात वर्षं दोघांचं छान चाललं होतं.

रॉइसने ओकीचा पाय अलगद उशीवर ठेवला.

"आलोच. हलू नका."

"हलतोय कुठे," ओकी म्हणाला. "तू तर मला मढ्यासारखं बांधून ठेवलंयस."

ऑफिसात कोरिन भिंतीवरच्या दोन चौकटी काढून टेबलावर ठेवून बसली होती. दर दोन वर्षांनी जानेवारीत ती हेच करी. जुने परवाने काढायचे, राज्याच्या मंडळाकडून आलेले नवे लावायचे. तिच्या चौकटीत नवा कागद बसला होता. दुसरी रिकामी होती.

"तुमचा नवा परवाना दिला नाहीत म्हणून म्हटलं इथूनच छापून काढू," ती म्हणाली आणि तिने संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला.

त्याचं नाव होतं. त्याचा नंबर होता. आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं : मुदत संपली, ३१ डिसेंबर.

आज सतरा जानेवारी होती.

रॉइसने चष्मा काढून पुसला, परत घातला. अक्षरं तीच राहिली. "पण मी तर फॉर्म नोव्हेंबरातच भरला होता. फीसुद्धा गेलीय."

"मग मंडळाचा काही निरोप आला असेल. बघा जरा."

त्याने आपला मेल उघडला. त्या गोष्टीशी त्याचं कधी जमलं नव्हतं. आठवड्यातून एकदा ट्वाइला, त्याची बायको, ते उघडून जाहिराती पुसून टाकी. खाली खूप खाली पाच डिसेंबरचा निरोप सापडला. तुम्ही वीस तासांचं प्रशिक्षण झाल्याचं लिहिलं आहे, पण त्यातल्या सहा तासांचं सर्टिफिकेट जोडलेलं नाही, महिनाअखेरपर्यंत पाठवावं. बस, एवढंच.

"सर्टिफिकेट आहे ना?" कोरिनने विचारलं.

"आहे. घरी. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये."

"मग जीव भांड्यात पडला. दुपारी घेऊन या, आजच पाठवून देऊ. दंड-बिंड बसेल थोडा. या पंधरा-सोळा दिवसांचं मी विमावाल्यांशी बघते, ती बिलं मागे घ्यावी लागतील." ती उठली. "पण तोवर तुम्ही पेशंटला हात लावायचा नाही. एकालाही. ओकीचं पुढचं मी करते."

दारातून टेबलावर पडलेला ओकी दिसत होता. छताकडे बघत तो मोठ्याने म्हणत होता, "आठ कोण करणार? पाद्री?"

*

सर्टिफिकेट ड्रॉवरमध्येच होतं, बाटल्यांची बुचं, रबरबँड आणि जुन्या बॅटऱ्यांच्या खाली. जाड, गुळगुळीत कागद. 'वृद्धांचा तोल आणि पडणं : सहा तास.' खाली संयोजकाची सही आणि बाजूला रेघ, 'मी पूर्ण वेळ उपस्थित होतो.' त्या रेघेवर सही अजून केलेली नव्हती.

रॉइस कागद हातात घेऊन खुर्चीत बसला.

ट्वाइला शाळेच्या स्वयंपाकघरात काम करी. दीड वाजता ती घरी आली तेव्हा तो अजून तिथेच होता. तिने सकाळचं घेवड्याचं कालवण गरम करायला ठेवलं, मक्याचा पाव कापला आणि मग त्याच्याकडे नीट बघितलं.

"कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. माझा परवाना गेला."

त्याने सगळं सांगितलं. ती उभ्याउभ्याच ऐकत राहिली.

"मग कागद सापडला ना? का घोटाळा आहे काही?"

"हा ऑक्टोबरातला वर्ग आहे, ट्वाइला. तो शनिवार."

तिला कळलं. त्या शनिवारी सकाळी रॉइस नव्वद मैल गाडी हाकून वर्गाला गेला होता. जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला की आईला हॉस्पिटलात हलवलंय. तो तसाच, कुणालाही न सांगता, निघून आला. सकाळी हजेरीच्या कागदावर नाव होतंच, त्यामुळे पंधरा दिवसांनी सहा तासांचं सर्टिफिकेट टपालाने घरी आलं. बसला होता तीन तास. राहिलेले तीन कुठेतरी डिसेंबरच्या आत उरकून टाकू असं म्हणून त्याने नोव्हेंबरात फॉर्मवर वीस लिहून टाकले. मग सासूबाई गेल्या, दफन झालं, मग घराची आवराआवर, मग नाताळ. फॉर्म भरताना हा कागद जोडायला त्याचा हात काही पुढे झाला नव्हता. विसरलो, असं त्याने तेव्हा स्वतःला सांगितलं होतं.

"माझी आई मरत होती, रॉइस," ट्वाइला म्हणाली. "आणि तू त्या तीन तासांचं काय घेऊन बसलायस?"

"मला माहितीय."

"त्या दुपारी तू काय केलंस? आईला उठवून बसवलंस. नर्सला जमेना, तू कुशीवर वळवलंस. तिची पाठ दुखायची थांबली. हे नाही का म्हाताऱ्या माणसांचं प्रशिक्षण? ते तास धर."

"मंडळाला कळवतो तसं. शिक्षिका : माझी सासू."

ती हसली आणि लगेच डोळे पुसायला लागली. मग समोरच्या खुर्चीत बसून तिने ताटली त्याच्याकडे सरकवली. "करून टाक सही. कुणाचं काय जातंय?"

तिच्या बोलण्यात खोट नव्हती. त्याने पेन हातात घेतलंही. पण का कोण जाणे, सही काही होईना. ट्वाइलाला त्याचं कारण द्यावं तर तेही धड सांगता येईना. शेवटी त्याने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "पाव जरा कोरडा झालाय."

"झालाच असेल," ट्वाइला म्हणाली. "सात वर्षांपूर्वी तू त्या परवान्याच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झालास ना, तेव्हाही असाच बसला होतास. जा, काय करायचंय ते कर. पण तोंड पाडून घरी येऊ नकोस."

*

कोरिनने सगळं ऐकून घेतलं. शेवटी टेबलावरची रिकामी चौकट उचलून उलटी ठेवली.

"हे मला सांगितलं नसतंत तर फार बरं झालं असतं," ती म्हणाली.

"हो."

बाहेर कुणीतरी व्यायामाची सायकल चालवत होतं, तिची घरघर ऐकू येत होती.

"आणि सांगितलंत ते बरं झालं. दोन्ही खरं आहे. बसा, पत्र लिहू."

दोघांनी मिळून मंडळाला पत्र लिहिलं. काय झालं ते जसंच्या तसं. सासूचं आजारपण घालायचं की नाही यावर वाद झाला. रॉइस नको म्हणत होता, कोरिनने घातलं. उत्तर चार दिवसांनी आलं. राहिलेले तास पुरे करा, त्याचा दाखला पाठवा; आपलं प्रकरण फेब्रुवारीच्या बैठकीत घेतलं जाईल. तोवर परवाना नाही.

म्हणजे जवळजवळ महिना.

कोरिनने त्याला घरी बसवलं नाही. परवाना नसलेल्या माणसाला क्लिनिकमध्ये जी कामं करता येतात ती तिने एका कागदावर लिहून दिली. टॉवेल धुणं, घड्या करणं. टेबलं पुसणं. फोन घेणं. दाराबाहेरचा बर्फ काढून मीठ टाकणं. दुसऱ्या दिवसापासून रॉइस ते करायला लागला.

काम जड नव्हतं. जड होतं ते बघत राहणं. एखादी बाई खुर्चीतून उठताना हात चुकीच्या जागी ठेवते, एखाद्याचा खांदा व्यायाम करताना कानापर्यंत चढतो, आणि आपण टॉवेलची घडी करतोय. सात वर्षांत त्याच्या हातांना सवय लागली होती. समोरच्याचा तोल जायच्या आधी ते पुढे व्हायचे. आता तो ते खिशात घालून उभा राहू लागला. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. किराण्याच्या दुकानात एकाने विचारलं, "काय रे, कुणाचा पाय उलटा बसवलास म्हणे?"

सगळ्यात जास्त मजा ओकीला वाटली.

ओकी शहात्तर वर्षांचा होता. चाळीस वर्षं खाणीत, त्यातली बावीस फोरमन म्हणून. रॉइस पूर्वी त्याच्याच हाताखाली, छत ढासळू नये म्हणून त्याला बोल्ट ठोकायचं काम करी. नोव्हेंबरात ओकी स्वतःच्या दारातल्या पायऱ्यांवरून घसरला आणि त्याच्या डाव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर तो मुलीकडे राहत होता आणि तिथे त्याचा जीव रमत नव्हता. त्याचं घर डोंगराच्या कुशीत, रस्त्यापासून तेवीस पायऱ्या वर. त्या पायऱ्या चढता येईपर्यंत घरी जायचं नाही असं कोरिनने ठणकावलं होतं. घरी त्याचे दोन शिकारी कुत्रे होते. शेजारी त्यांना खायला घालायचा, पण ते रात्रंदिवस रडतात असा निरोप येई.

"टॉवेलवाल्या!" दुसऱ्याच दिवशी ओकीने वॉकर ढकलत आत येताना आरोळी ठोकली. "मी म्हटलं होतं ना, खाण सोडून बायकांची कामं करायला जातोयस. आता त्यातही तुला धुणीवाली केलं."

"घड्या नीट येतात का बघा, बॉस."

"कोपरे जुळत नाहीत."

"मग नोंद करा वहीत."

ओकीचं तोंड एकदम मिटलं. रॉइस सहज बोलून गेला होता. पण म्हातारा वॉकर ढकलत तसाच पुढे गेला आणि त्या दिवशी कोरिनने सांगितलं तेवढं सगळं त्याने निमूटपणे केलं. तिलाही आश्चर्य वाटलं.

*

पुढच्या आठवड्यात मंगळवारी ओकीच्या मुलीला गाडी घेऊन यायला उशीर झाला. बर्फ पडत होता. क्लिनिक रिकामं झालं होतं, कोरिन आत फोनवर होती. ओकी खिडकीजवळच्या बाकावर काठी गुडघ्यांमध्ये धरून बसला होता. वॉकर सुटून त्याला नुकतीच काठी मिळाली होती. रॉइस शेजारच्या टेबलावर घड्या करत होता.

"खरं काय झालं?" ओकीने विचारलं. "गावात दहा गोष्टी ऐकल्या. तू सांग."

रॉइसने सांगितलं. आता त्याला ती गोष्ट थोडक्यात सांगता येऊ लागली होती.

"म्हणजे सर्टिफिकेट होतं तुझ्याकडे?"

"होतं."

"खोटं नव्हतं?"

"खोटं नव्हतं. फक्त त्यावर सहा लिहिलं होतं आणि मी तीनच बसलो होतो."

"सही करून पाठवलं असतंस तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही."

ओकी खिडकीबाहेर बघत राहिला. रस्त्यावरून बर्फ काढायची गाडी गेली. तिचा पिवळा दिवा फिरत फिरत भिंतीवर आला आणि गेला.

"सहा नंबरला मी त्या दिवशी गेलो नव्हतो," ओकी म्हणाला.

रॉइसचे हात थांबले.

त्या दिवशी म्हणजे कोणत्या दिवशी, हे विचारायची गरज नव्हती. अकरा वर्षांपूर्वी सहा नंबरच्या बोगद्यात छताचा एक तुकडा सुटला, जेवणाच्या टेबलाएवढा, आणि रॉइसच्या उजव्या पायावर आला. मांडीचं हाड दोन ठिकाणी, नडगी एका ठिकाणी. नऊ महिने लागले त्याला चालायला. ज्या बाईने त्याला ते शिकवलं ती फिजिओथेरपीचीच सहाय्यक होती. तिला बघून तो या वाटेला लागला. खाणीत प्रत्येक पाळी सुरू होण्याआधी फोरमनने सगळे बोगदे चालून बघायचे, गॅस बघायचा, छत बघायचं, जिथे बघितलं तिथे भिंतीवर खडूने तारीख आणि नावाची अक्षरं लिहायची आणि मग वर येऊन वहीत नोंद करायची, हा नियम होता. त्या दिवशीच्या वहीत सहा नंबरपुढे लिहिलं होतं, ठीक. खाली सही ओकी लेस्टरची.

"पाच नंबरपर्यंत गेलो," ओकी सांगत होता. "पुढे गुडघाभर पाणी साचलं होतं. पाळी उतरायला दहा मिनिटं राहिली होती. आदल्या दिवशी बघितलंच होतं, म्हटलं एका रात्रीत काय होतंय. आणि लिहून टाकलं."

"मला माहितीय," रॉइस म्हणाला.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. भिंतीवर तुमची खूण नव्हती. मी दिवा मारून बघितलं होतं."

ओकीने मान वळवली. "बघितलं होतंस?"

"दोन्ही बाजूंनी."

"मग आत का शिरलास, गाढवा?"

"वहीत तुम्ही लिहिलं होतं ना. म्हटलं खडू संपला असेल. आणि परत वर येऊन विचारायचं म्हणजे अर्धा तास काम बंद, आणि सगळ्यांसमोर तुमच्या शिव्या."

"शिव्या दिल्याच असत्या मी," ओकी म्हणाला. मग म्हणाला, "अकरा वर्षं बोलला नाहीस."

"तुम्हीही नाही बोललात."

"चौकशीवाले आले तेव्हा वही दाखवली मी त्यांना. त्यांनी वही बघितली आणि गेले." त्याने काठीची मूठ चोळली. "हॉस्पिटलात एकदाही आलो नाही तुला बघायला."

"ट्वाइलाने मोजलंय ते. कोण आलं, कोण नाही, तिच्याकडे यादी आहे."

"असणारच. तिच्या आईची लेक ती."

हा दिवस कधी आलाच तर आपलं रक्त उसळेल असं रॉइसला नेहमी वाटत आलं होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने त्या बोलण्याची तयारीही केली होती, एकेक वाक्य घासूनपुसून ठेवलं होतं. त्यातलं एकही आता आठवेना. समोर एक म्हातारा बसला होता, सगळा भार उजव्या बाजूला टाकून, डावा खुबा चोरून. आणि रॉइसला वाटलं ते एवढंच की याला सरळ बसवायला हवं. पण तेही आज त्याचं काम नव्हतं.

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. ओकी काठीवर जोर देऊन उठला, दारापर्यंत गेला आणि वळला.

"कोपरे जुळतात तुझे," तो म्हणाला. "उगाच म्हणत होतो."

*

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी रॉइस ब्लूफील्डला गेला. तोच वर्ग तिथे परत होता. सकाळी अंधारात निघून, घाटातल्या बर्फातून जपून गाडी हाकत तो साडेआठला पोचला. नोंदणीच्या टेबलावरच्या बाईने त्याचा कागद बघितला.

"तुमचे दुपारचेच तीन तास राहिलेत. जेवून आला असतात तरी चाललं असतं."

"आता आलोच आहे तर बसतो."

तो सहाही तास बसला. सकाळचं सगळं त्याने आधी ऐकलेलं होतं. तरी दोन गोष्टी नव्या कळल्या, ज्या मागच्या वेळी कानांवरून गेल्या होत्या. दुपारच्या सत्रात एक तरुण शिक्षक तावातावाने सांगत होता की माणूस पडतो तो अशक्तपणाने कमी आणि घाईने जास्त. रॉइसने ते वहीत लिहून घेतलं. परत येताना पेट्रोल पंपावर मसालेदार मांसाच्या चकत्या भरलेले दोन पेपरोनी रोल घेतले. एक गाडीत खाल्ला, एक ट्वाइलासाठी ठेवला.

सोमवारी कोरिनने ओकीला क्लिनिकमधल्या जिन्यावर चार वेळा चढवलं, उतरवलं आणि जाहीर केलं, "गुरुवारी घरी. मी बरोबर येते. तुमच्या खऱ्या पायऱ्या बघायच्यात मला."

"आणि हा?" ओकीने काठी रॉइसकडे रोखली.

"रॉइसना नाही येता येणार. माहितीय ना तुम्हाला."

"पायऱ्या चढवायला नकोच मला तो. कुत्र्यांसाठी हवाय. अडीच महिन्यांनी बघणार ते मला. एकाने जरी उडी मारली तरी मी परत रस्त्यावर. आणि मुलगी माझी कुत्र्यांना घाबरते." त्याने कोरिनकडे बघितलं. "का कुत्रे धरायलाही राज्याचा परवाना लागतो?"

कोरिनने थोडा विचार केला. "कुत्र्यांबद्दल नियमात काही नाही," ती म्हणाली. "पण रॉइस, तुम्ही एक शब्दही सांगायचा नाही. मी सांगेन, मीच हात लावेन."

"कबूल."

गुरुवारी दुपारी ऊन पडलं होतं. पायऱ्यांवरचा बर्फ शेजाऱ्याने काढून ठेवला होता. रॉइस आधीच वर गेला आणि ओसरीच्या खांबाला पाठ टेकवून, दोन्ही साखळ्या मनगटांना गुंडाळून उभा राहिला. कुत्र्यांची नावं मेबल आणि सेनेटर. खाली गाडीचं दार उघडलं, काठी दिसली, आणि दोघांनी असा टाहो फोडला की समोरच्या डोंगरावरून तो परत आला.

"गप!" ओकी खालून ओरडला. ते अजूनच ओरडू लागले.

मग ओकी चढू लागला. उजवा हात कठड्यावर, डाव्या हातात काठी. कोरिन एक पायरी खाली, एक हात त्याच्या कमरेच्या पट्ट्यावर. आधी चांगला पाय वर, मग दुखरा, मग काठी. एक. दोन. तीन. रॉइस वरून बघत होता आणि त्याच्या नकळत त्याची स्वतःची उजवी टाच प्रत्येक पायरीला उचलली जात होती. सेनेटरने एकदा असा हिसका दिला की साखळी कातडीत रुतली. त्याने पाय रोवले.

नवव्या पायरीवर ओकी थांबला. धाप लागली होती. त्याने वर बघितलं, अजून चौदा होत्या, आणि त्याच्या तोंडावर ती घाई आली. त्याने एकदम डावा पाय उचलला.

रॉइसच्या जिभेवर शब्द आला होता. त्याने दात आवळले.

"ओकी," खालून कोरिन म्हणाली, आवाज न चढवता. "कोणता?"

पाय हवेत होता. तो खाली आला.

"चांगला," ओकी म्हणाला.

"घाई कुणाला आहे?"

"कुत्र्यांना."

"त्यांना रॉइसनी धरलंय. तुम्ही श्वास घ्या."

त्याने श्वास घेतला. पुढच्या चौदा पायऱ्यांना त्याला किती वेळ लागला ते कुणी बघितलं नाही. शेवटच्या पायरीवर आल्यावर त्याने ओसरीच्या खुर्चीत अंग टाकलं, दोन्ही पाय पसरले आणि म्हणाला, "आता सोड."

"बाईसाहेब?" रॉइसने विचारलं.

"एकेक," कोरिन म्हणाली.

मेबलला आधी सोडलं. ती ओकीच्या मांडीवर डोकं ठेवून अशी काही कण्हायला लागली की म्हाताऱ्याला तोंड फिरवावं लागलं. सेनेटर मात्र सुटल्यावर ओकीला हुंगून थेट आत गेला आणि पलंगावर चढून बसला.

निघताना ओकीने रॉइसला थांबवलं. कोरिन खाली गाडीपर्यंत पोचली होती.

"मी जिल्ह्याच्या सुरक्षा ऑफिसला पत्र लिहिलंय," तो म्हणाला. "सहा नंबरचं. खाण बंद झाली, कंपनीही राहिली नाही, ते आता काय करणार देव जाणे. फाडूनही टाकतील. पण लिहिलंय. काल टाकलं टपालात."

"बरं केलंत," रॉइस म्हणाला.

"बरं-वाईट माहीत नाही. ट्वाइलाला सांग, यादीतून एक नाव कमी करता येतं का बघ म्हणावं."

"विचारतो. पण ती कडक आहे."

"माहितीय," ओकी म्हणाला.

ट्वाइलाला त्याने त्या संध्याकाळी सांगितलं. ती बराच वेळ भांडी घासत राहिली. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी एक मक्याचा पाव जास्त भाजते. तू नेऊन दे. मी नाही येणार." आणि मग, हात पुसत, "अजून नाही."

*

मंडळाची बैठक फेब्रुवारीच्या चौदा तारखेला झाली. निर्णय पत्राने आला. परवाना आजपासून पुन्हा लागू. दंड. आणि एक लेखी ताकीद, जी त्याच्या नावापुढे नोंदीत राहील. कुणीही नाव शोधलं तर दिसेल. कोरिनने पत्र दोनदा वाचलं.

"ताकीद टळेल असं वाटलं होतं मला," ती म्हणाली. "तुम्ही स्वतःहून सांगितलंत."

"स्वतःहून सांगितलं, पण आधी खोटं लिहिलंही होतं."

तिने नवा कागद छापला, चौकटीत घातला आणि भिंतीवर टांगला. जरा तिरका लागला. रॉइसने सरळ केला, हात धुतले आणि बाहेर आला.

पहिली पेशंट नवी होती. शाळेची बस चालवणारी, पन्नाशीची, उजवा खांदा आखडलेला. नाव विल्मा हेअरस्टन. खुर्चीत बसून ती त्याच्याकडे संशयाने बघत होती.

"तुमचं नाव मी काल फोनवर शोधलं," ती म्हणाली. "मी शोधतेच. बसमध्ये पन्नास पोरं असतात माझ्या, मला सवय आहे. त्यात काहीतरी लिहिलंय तुमच्याबद्दल."

"लिहिलंय."

"काय केलंत?"

"सहा तासांच्या वर्गात तीन तास बसलो आणि सहा बसलो म्हणून लिहिलं."

"आणि मग?"

"मग परत जाऊन सहा तास बसलो."

विल्माने मनातल्या मनात बेरीज केली. "म्हणजे आता नऊ झाले."

"हो. तीन जास्तीचे आहेत. वापरायचे आहेत कुठेतरी."

ती हसली. हसताना खांदा दुखला, तशी 'आई गं' म्हणाली आणि पुन्हा हसली. मग तिने स्वेटरची बाही वर सारली.

"बरं. वापरा इथे," ती म्हणाली. "पण हळू."

"हळूच," रॉइस म्हणाला. त्याने आपले हात एकमेकांवर चोळून गरम केले, एक तळहात तिच्या खांद्याच्या मागे ठेवला, दुसऱ्याने कोपर तोललं, आणि हात वर न्यायला सुरुवात केली. "दुखलं की सांगा. लपवू नका."